मुजफ्फरभाईंनी परत बसवलेला बिघाड

चंद्रपुरात माइक-अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की मुजफ्फरभाईंचं दुकान गाठायचं, हे गेल्या तीस वर्षांचं ठरलेलं. लग्न असो, कव्वाली असो की भागवत सप्ताह, भोंग्यातली घरघर ते नुसत्या कानानं ओळखत. दुकानाचा नियम एकच, टेबलावर ठेवलं ते दुरुस्तीचं.

त्यांची लेक निशात इथंच भंगारातले सुटे भाग वेचत मोठी झाली. पॉलिटेक्निकला असताना त्यातूनच तिनं एक डबा बनवला. वर आठ बटणं, आतून चिरका, पिळवटलेला आवाज. खाली एकसुरी ठोका जोडला की झालं अ‍ॅसिड टेक्नो, म्हणजे परदेशातलं नाचाचं यंत्रसंगीत. नाव ऐकून तिची आई खैरुन हादरलीच होती. "हे अ‍ॅसिडचं काम काऊन करून राह्यली पोरगी?" निशात हसली आणि वीजकेंद्राजवळच्या ऊर्जानगरला जाऊन विजेच्या तारांची घूंघूं रेकॉर्ड करून आली. नोकरी सांभाळून सहा वर्षं तिनं हाच नाद केला. तिचे ट्रॅक इंटरनेटवर गेले, परदेशातून मेसेज आले. ती हेडफोन लावूनच वाजवी, मुजफ्फरभाईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हटकून सांगत, "मशीन पोरीनं घरीच बनवली."

मग नागपूरच्या एका सभागृहातून बोलावणं आलं. लोकांसमोर वाजवायची ही तिची पहिलीच वेळ. आदल्या दिवशी डबा दुकानाच्या टेबलावर ठेवून ती बॅग आणायला घरी गेली. परतली तर मुजफ्फरभाई खुशीत हात पुसत होते.

"लय घरघर होती त्याच्यात. कंडेन्सर गळका होता, नवा टाकला."

निशातनं बटण फिरवलं. शाळेच्या घंटेसारखा स्वच्छ आवाज आला. तिनं दुसरं फिरवलं, तिसरं फिरवलं, तीच घंटा. "अब्बा, ती घरघरच तं माझं गाणं होतं."

पोरीची सहा वर्षं आपण पाच मिनिटांत पुसली, हे मुजफ्फरभाईंना फार लागलं. जुना कंडेन्सर भंगाराच्या टोपलीत गेला होता, तसल्याच शंभरांमध्ये. त्यांनी टोपली टेबलावर उपडी केली. ते एकेक जोडत, ती बटण फिरवी, दोघं ऐकत.

"हा नाई. हा नुसता भुणभुणते. तुझा खाली जाऊन वर मुरडत होता."

 ज्या आवाजावर निशातनं इतकी वर्षं घालवली, तो त्यांनी एकदाच ऐकून नेमका धरला होता. दुपारी असरच्या अजानीला बसलेले बापलेक सूर्य मावळल्यावर मगरिबला उठले, तेव्हा एक्केचाळिसावा कंडेन्सर डब्यात पक्का बसला होता.

नागपूरला बॅग उचलून मुजफ्फरभाईही गेले. तालमीत डबा सुरू होताच सभागृहाच्या साऊंडवाल्यानं घाईघाईनं आवाज खाली केला. "मॅडम, तुमच्या मशीनमध्ये बिघाड आहे."

निशात काही बोलायच्या आत मुजफ्फरभाई खुर्चीतून उठले.

"तीस वर्षं झाले, लोकाईचे बिघाड काढून राह्यलो, भाऊ. हा एकच म्या आपल्या हातानं बसवला. आवाज वाढव."