दुधाच्या बाटलीतलं ऑइल

"ऑइल घाल त्याच्यात, मेल्या, ऑइल," दाऊदचाचा ओरडत होते, आणि कुवेतमधल्या जाब्रियाच्या त्या हॉस्पिटलातले चौथ्या मजल्यावरचे निम्मे पेशंट आपल्यालाच ऑइल पाजणार की काय म्हणून उठून बसले होते. ओरडणं होतं खिडकीबाहेर. खाली बागेत एक माळी पाठीवर पानं उडवायचं यंत्र घेऊन फिरत होता. त्या यंत्राचा आवाज मला विचाराल तर नुसती घरघर. चाचांना विचाराल तर आजारपण. नाकात ऑक्सिजनची नळी, फुप्फुसात पाणी, तरी चार मजले खालच्या इंजिनाचं निदान चालू. लातूरकडच्या सिस्टर धावत आल्या. "चाचा, मी खिडकी लावून घेते." "खिडकी नको लावू पोरी, त्याला सांग. त्याच्या पेट्रोलात ऑइल नाही. पिस्टन धरेल, मशीन गच्च होईल." मग माझ्याकडे वळून, "जा रे नांदेड, खाली जा." मी नांदेडचा, म्हणून तेरा वर्षं माझं नाव नांदेड. गेलो खाली. नळकांड्यातून धुराचा पत्ता नव्हता. माळ्याने कबूल केलं, ऑइलचा डबा संपला म्हणून नुसतंच पेट्रोल भरलंय. वर येऊन सांगितलं, तर चाचा डोळे मिटून म्हणाले, "तुझाच भाऊबंद दिसतोय."

आठ दिवसांनी चाचा गेले... आणि तो 'भाऊबंद' माझ्या घशात अडकून राहिला. आज तो बाहेर काढायला बसलोय.

दाऊदचाचा रत्नागिरीकडचे, हर्णैजवळच्या एका वाडीतले. वडिलांची मासेमारीची होडी, तिला मागे लावलेलं टू-स्ट्रोक मशीन. अंधारात समुद्रातून येणारी होडी नुसत्या आवाजावरून कुणाची ते चाचा सांगायचे, इथवर मी ऐकलेलं. होडीवरचा तांडेल त्या दिवशी काय जेवलाय तेही सांगायचे, असं मी लोकांना सांगत आलोय, आणि चाचांनी ते कधी नाकारलं नाही. शुवैखच्या आमच्या गॅरेजात पाण्यावरच्या स्कूटर, वाळूतल्या चारचाकी फटफट्या, जनरेटर, जे जे म्हणून घरघरतं ते येई. मी आयटीआयचा सर्टिफिकेटवाला, फोर-स्ट्रोकचा भक्त. टू-स्ट्रोक म्हणजे मला गबाळं काम वाटे. ऑइल पेट्रोलातच कालवायचं, दोन्ही एकत्र जाळायचं, आणि जगाला निळा धूर पाजायचा. फोर-स्ट्रोक कसं, ऑइल खाली आपल्या जागी, पेट्रोल आपल्या जागी, संसार नीटनेटका. त्यावर चाचांचं उत्तर ठरलेलं असे. "फोर-स्ट्रोक म्हणजे तुमचा मराठवाड्याचा पाहुणचार. या, बसा, जेवा, मग निघा. चार कामं झाल्याशिवाय पाहुणा हलत नाही. आमचा टू-स्ट्रोक कोकणी. आला, गेला. हलका, आणि लाथ मारली की पळतो." आणि वर, "धुराला हसू नको. निळा धूर दिसला म्हणजे पोटात ऑइल आहे. धूर नाही, तर मयतीची तयारी कर."

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा सगळ्यांचा इकामा, इथे राहायचा परवाना, तो बू फहद. मनाने मोठा, रागाने त्याहून मोठा, आणि हिंदी असं बोलायचा की हिंदीलाच दया यावी. एका हिवाळ्यात हा गृहस्थ कुठल्याशा थंड देशातून कंटेनरमधून दोन स्नोमोबाइल घेऊन आला. बर्फावरची फटफटी ती. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा. कुवेतमध्ये! जिथे बर्फ पाहायचा तर लिंबूसरबताच्या ग्लासात पाहावा. पण पाऊस पडून गेला की वाळू दबते, आणि थंडीत सगळं कुवेत वाळवंटात तंबू ठोकून बसतं. तिथे भावाशी शर्यत लावायची, असा त्याचा बेत. भावाला नवं फोर-स्ट्रोक, स्वतःला जुनं टू-स्ट्रोक. भावाच्या गाडीची जबाबदारी माझी, त्याच्या गाडीची चाचांची. महिनाभर गॅरेजात दोन तट. मी म्हणे, आवाज बघा, मांजर झोपल्यासारखा. चाचा म्हणत, "मांजर झोपू दे. तुझं इंजिन पाण्याने थंड होतं, आणि ते पाणी थंड होतं पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने. वाळवंटात बर्फ कोण उडवणार, तुझा सासरा? माझ्याला पंखा आहे." मी ऐकतो का? मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या आणि पट्ट्याच्या वर जिथे म्हणून जागा मिळाली तिथे कोंबल्या. शर्यतीपर्यंत त्यातून सुरमईचा वास यायला लागला होता. तंबूतल्या मांजरी माझ्या इंजिनाच्या मागे मागे.

शर्यत असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर. चाचा नमाजाला जाताना म्हणाले, "नांदेड, माझ्या टाकीत पाच लिटर टाकून ठेव." टाकलं. कॅनमधलं स्वच्छ, नितळ, नुसतं पेट्रोल. आयुष्यभर फोर-स्ट्रोक भरलेला हात तो; ऑइल आठवलंच नाही. धूर दिसेना, पण मी स्वतःच्या लाद्यांच्या नादात. भावाची गाडी तीनशे पावलांवर तापून लाल दिवा लावून बसली. चाचांचं टू-स्ट्रोक तिला ओलांडून उड्या मारत पुढे गेलं, शंभर पावलं, दोनशे... आणि एक किंकाळी मारून गच्च झालं. बू फहद पुढच्या पट्ट्यांवरून वाळूत. पिस्टन धरला होता. टाकीचं झाकण उघडून चाचांनी बोट बुडवलं, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं.

सगळ्या पाहुण्यांसमोर बू फहद वाळू झाडत ओरडत होता, "किसने पेट्रोल डाला? कल उसका घर का टिकट. खलास." माझा इकामा लागून तीन महिने झालेले. घरी आई, बायको, आणि अकरा दिवसांची मुलगी, जिचा मी फक्त फोटो पाहिला होता. तोंड उघडलं मी... शपथेवर सांगतो, उघडलं. पण आवाज निघायच्या आत चाचा पुढे झाले. "मी. म्हातारा झालो, विसरलो." बू फहदने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. वीस वर्षं आपल्याकडे राबलेल्या माणसाला तो तिकीट देणार नाही, हे चाचांना ठाऊक होतं. त्याऐवजी काय मिळणार, तेही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून शुवैखमध्ये ज्याला पाना धरता येत नाही तोही विचारायचा, "दाऊद, आज ऑइल घातलंस ना?" हर्णैच्या समुद्रावर कानाने होड्या ओळखणारा माणूस, आणि त्याला हे. चहावाला विचारायचा, पठाण ड्रायव्हर विचारायचे, एकदा तर गिऱ्हाइकाच्या आठ वर्षांच्या पोराने विचारलं. चाचा हसून म्हणायचे, "घातलं रे बाबा, विचारत जा असंच." मी दोनदा खरं सांगायला निघालो. दोन्ही वेळा म्हणाले, "माझं नाव जुनं आहे, सोसतं. तुझा इकामा नवा आहे."

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी ते जलीबच्या एका दुकानातून तान्ह्या बाळाची दुधाची बाटली घेऊन आले. मला वाटलं, माझ्या मुलीला पाठवायला. त्यांनी ती खिळ्याला टांगली. "शंभरच्या रेघेपर्यंत ऑइल, पाच लिटरला. आधी बाटली, मग टाकी. लेक आठवली की ऑइल आठवेल." लोक म्हणत, दाऊदने विसरू नये म्हणून टांगलीय. चाचा म्हणत, हो.

मुलगी आता सातवीत आहे. हॉस्पिटलात व्हिडिओवर ती चाचांना सलाम करायची, आणि ते तिला विचारायचे, "दूध पितेस ना?" तिला तो विनोद कधी कळला नाही. बरंच झालं.

चाचांना इथल्याच मातीत ठेवलं. चाळीस दिवस झाले, बू फहद गॅरेजात आला, त्यांच्या स्टुलावर बसला, टांगलेल्या बाटलीकडे बघत राहिला. तळाशी निळसर ऑइलचा थेंब अजून होता. माझ्याने राहवेना. म्हटलं, बाबा, त्या दिवशी टाकी मी भरली होती. तिकीट द्यायचं असेल तर आज दे.

त्याने नजर बाटलीवरून काढली नाही.

"मालूम," तो म्हणाला. "दाऊद भरता तो धुआँ होता. उस दिन धुआँ नहीं था."