गेटवरची पाटी

माया सिस्टरला रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी अकोल्याच्या त्या कॉलनीत तिला कुणी काकू म्हणत नाही की मावशी म्हणत नाही. सगळ्यांची ती सिस्टरच. बोलणंही अजून वॉर्डातलं, म्हणजे पेशंटनं मुकाट्यानं ऐकून घ्यावं असं. नवरा गेल्यापासून वरच्या दोन खोल्या ती गेटला पाटी लावून भाड्यानं देते. त्याबाबतीत तिचा एक हट्ट आहे. भाडेकरूचं नाव विचारायचं, नोकरी विचारायची, आडनाव विचारायचं नाही. करारनाम्यात ते कळतंच, पण तोवर तिनं शब्द देऊन टाकलेला असतो.

हा हट्ट चौऱ्याऐंशी सालचा. अमरावतीची ही पोरगी बाविसाव्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात नोकरीला लागली आणि खोली शोधत हिंडली. अकरा घरं झाली. नर्स म्हटलं की घरमालकीण हसून आत बोलवायची, पाणी द्यायची. मग आडनाव विचारायची. खंडारे ऐकलं की तिला एकदम आठवायचं, खोली आज सकाळीच दिली. आठ दिवसांनी त्याच घरावरून जावं तर 'खोली भाड्यानं देणे आहे' ही पाटी जशीच्या तशी लटकलेली. शेवटी मायानं चार महिने अमरावती-अकोला एसटीनं येणं-जाणं केलं. नाइट ड्यूटी करून सकाळच्या गाडीत उभ्यानं झोपायला ती तेव्हाच शिकली.

तर अशा या माया सिस्टरच्या दारात मार्चमधल्या एका बुधवारी, भर दुपारी, एक उंच तरुण छत्री मिटत उभा राहिला. नाव तेस्फाये. देश इथिओपिया. कृषी विद्यापीठात तिळावर संशोधन करत होता. दोन वर्षं तिळाच्या प्लॉटात निंदणाऱ्या बायांबरोबर काढलेली, त्यामुळे भाषा त्यांचीच उचललेली.

"मले खोली पायजे, सिस्टर. रविवारी माही बायको येऊन राहिली. होस्टेलात बायको चालत नाही."

सिस्टरला हसू आवरेना. तिनं वरची किल्ली दिली. तो खोल्या बघायला गेला तेवढ्यात शेजारचे जानराव कंपाउंडच्या भिंतीशी आले. चांदूर बाजारकडची शेती मुलाच्या हवाली करून इथं राहणारा हा माणूस काही वाईट नव्हता. सिस्टरला ताप आला की खिचडी त्यांच्याच घरून यायची.

"बाहेरदेशचा मानूस कायले ठेवता, सिस्टर? उद्या पोलीस येतीन. कागदं तुमाले मागतीन, त्याले नाही."

तिनं पुण्याला मुलाला, ललितला फोन लावला. पोरगं म्हणालं, परदेशी माणूस ठेवला की चोवीस तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, भरायचा राहिला तर घरमालकावर केस. "आई, या वयात हे झंझट कायले घेतं?"

आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली बाई ती. तेवढ्यात तेस्फाये किल्ली परत द्यायला जिना उतरून आला. नळाला पाणी चांगलं आहे म्हणाला, खिडकीतला निंब बायकोला आवडेल म्हणाला.

"अरे बाबा, मी विसरलीच," सिस्टर म्हणाली. "खोली आज सकाळीच दिली."

शब्द तोंडातून गेले आणि तिच्या लक्षात आलं की हे वाक्य तिचं नव्हतंच. त्या अकरा घरांतलं होतं.

तो "बरं," म्हणाला. मग गेटशी गेला, पाटीची तार सोडवली, रुमालानं धूळ पुसली आणि पाटी तिच्या हातात आणून दिली.

"मंग हे काढून ठेवा. दुसरं कोनी उन्हात उगाच येईन."

छत्री उघडून तो निघून गेला.

त्यानंतर सिस्टरच्या जिवाला थारा नव्हता. पाटी तिनं फ्रिजमागे ठेवली. संध्याकाळी दिवाणाखाली सरकवली. गुरुवारी माळ्यावर टाकली, आणि दुपारी स्टुलावर चढून पुन्हा खाली काढली. चहा गार होऊन साय धरायचा. पाटी पुन्हा गेटला लावायची म्हणजे त्या अकरा घरमालकिणींचाच कित्ता गिरवायचा. न लावावी तर खोल्या ओस पडायच्या. आरशात पाहून केस विंचरायलाही तिला लाज वाटू लागली.

शुक्रवारी सकाळी जानरावांनी पाठवलेलं जोडपं आलं. दोघं बँकेत, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "खोली रिकामी आहे ना?"

"नाही. दिली," सिस्टर बोलून गेली.

ते गेल्यावर ती गेट धरून तशीच उभी राहिली. आत्ता आपण खोटं बोललो की खरं, हे तिचं तिलाच कळेना. खरं करायचं तर एकच उपाय होता. तिनं वरची किल्ली पर्समध्ये टाकली, पायांत चपला सरकवल्या आणि ऑटो थांबवला.

विद्यापीठाच्या होस्टेलच्या गेटवर चौकीदारानं विचारलं, "आडनाव काय त्याचं?"

"ते मी कोनाले विचारत नाही," सिस्टर फणकारली. "तो तिळवाला. बायको येऊन राहिली ना ज्याची."

तिळवाल्याला सगळे ओळखत होते. तो धावत खाली आला. हातात मोबाइल होता आणि डोळे तांबारलेले. या दोन दिवसांत आणखी पाच घरं बघून झाली होती. सिस्टरनं वॉर्डातल्यासारखं सरळच सांगून टाकलं.

"खोली कोनालेच दिली नोती. मी खोटं बोलली तुह्याशी. पोलिसाले भेली मी."

"मले मालूम होतं."

"मालूम होतं? मंग पाटी कावून काढली?"

तो संकोचला. शब्द जुळवत म्हणाला, "तुमाले बोलताना लय त्रास झाला. पाटी राहिली असती तं आजून बोला लागलं असतं."

जे वाक्य ऐकल्याचा राग सिस्टरनं चाळीस वर्षं धरला होता, ते बोलणाऱ्याचीही कुणी अशी काळजी करू शकतं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिनं पर्समधून किल्ली काढून त्याच्या हातात कोंबली.

"आजच सामान आन. आन् फॉर्म भरायचा आहे पोलिसाचा, चोवीस तासांत. त्याच्यात आडनाव विचारतीन. ते तूच लिही, मी पाहत नाही."

"आमच्याकडे आडनाव नसते, सिस्टर. माहं नाव, मंग बापाचं नाव. बस."

"कोनालेच नसते?"

"पुऱ्या गावात कोनाले नाही."

सिस्टर होस्टेलच्या पायरीवर टेकली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पुन्हा सांग बरं."