ळचा ठसा
सौदीतल्या तबूकच्या आमच्या वर्कशॉपात पंपाचे बुश, गिअर असली कामं होत. कोणी काय बनवलं ते कळावं म्हणून प्रत्येकाकडे आपापल्या अक्षराचा पंच असे, आणि काम संपलं की जो तो आपलं अक्षर ठोके. माझ्या गावच्या लेथवाल्यानं स्वतःसाठी 'ळ' करून घेतला होता. "ह्या अक्षर हिंदीवाल्यांकडे हायच नाय," म्हणायचा, "माज्या कामावर कोन हक सांगेल?" मला त्या अक्षराचा वैताग यायचा. ळनं कोणाचं नाव तरी सुरू होतं का?

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही आलो तो मालक, त्याला शिकारीचा नाद. त्यानं या लेथवाल्याकडून गुपचूप एक बंदूक बनवून घेतली आणि वर तिच्यावर नंबरही कोरायला लावला. कळलं तेव्हा मी याला जेवताना झापलं. नंबर सरकार देतं, तोही परवाना झाल्यावर. बिनपरवाना बंदूक बनवणं हाच गुन्हा, त्यात मनाचा नंबर कोरणं म्हणजे आणखी एक. सापडलास तर कफील हात वर करील आणि तू आत जाशील, असं मी स्वच्छ सांगितलं.

"कफीलान सांगितलान, नंबर घातला की काम हलाल," तो म्हणाला आणि माझ्या ताटातला मासा उचलून खाऊ लागला. मूर्ख!

मग एका चौकीवर कफीलच्या गाडीत ती बंदूक सापडली. पोलीस त्याला घेऊनच वर्कशॉपात आले. विकत घेतली, कोणी बनवली मला काय ठाऊक, असं कफीलचं चाललं होतं. नंबर खोटा निघालाच होता, पण त्याखालचं बारीक अक्षर कोणाला लागेना. त्यांच्यासोबतच्या लखनौच्या दुभाष्यानं बंदूक उलटसुलट करून पाहिली. "ये हिंदी नहीं है," तो म्हणाला. माझ्या जिवात जीव आला.

तेव्हा अधिकारी हसला. बंदूक वर धरून त्यानं दुभाष्याकरवी विचारलं, काम झकास आहे, कोणाच्या हातचं?

आमचा शहाणा हसत पुढे झाला. "मेरा है साब. ये ळ है." दुभाष्याला ते म्हणता येईना, तर यानं दोनदा म्हणून दाखवलं.

बेड्या पडल्यावर तो कफीलकडे बघत राहिला. "बोलो ना साब, आपनेच बोला था." कफील मोबाइल चाळत होता.

दोन-तीन दिवसांत कफील सुटून आला आणि थेट माझ्या मशीनपाशी उभा राहिला. वकिलाचं काही बोलेल, या आशेनं मी मशीन बंद केलं.

"तेरे गाँव में ऐसा हाथवाला दूसरा कोई है?" त्यानं विचारलं. व्हिसा लगेच काढतो म्हणाला.