सिस्टरांचा फोनवर विश्वास नव्हता

या, जरा जवळ सरका. आणि काय हो, फोनने काही विचारलं की न वाचताच ‘हो’ दाबून मोकळ्या होता ना? उद्या दारात अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, तुमचं कपाट उघडून बघू का, तर त्याला म्हणाल का ‘बघा’? मग फोनलाच तेवढी मोकळीक कशाला?

ही बोलणी मी आमच्या सिस्टरांकडून इतक्यांदा खाल्ली आहेत की आता माझ्याच तोंडून बाहेर पडतात. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, म्हणून सगळी सोसायटी त्यांना सिस्टर म्हणायची. पाथर्डी फाट्याजवळ आमची जुनी तीन मजल्यांची इमारत आहे, लिफ्ट नाही. तळमजल्यावर मी, सगळ्यात वर त्या. नवरा जाऊन खूप वर्षं झाली, मुलगा पुण्याला. एकट्या राहायच्या, आणि एकटीनेच राहायचं हा त्यांचा हट्ट होता.

फोन त्यांना मुलाने घेऊन दिला. पहिल्या दिवशी त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि मला म्हणाल्या, “आपण बोलतोय तोवर त्याला लाकूड बघू दे.”

पण हं, घाबरून लांब राहणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. संशय घ्यायचा तर त्या वस्तूची पूर्ण माहिती काढूनच घ्यायचा, असं त्यांचं होतं. माझ्या फोनमध्ये कुणीतरी टॉर्चचं ॲप टाकून दिलं होतं. सिस्टरांनी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. “अगं बाई, उजेड पाडायला याला तुझ्या माहेरच्यांचे नंबर कशाला लागतात?” ॲप काढून टाकलं. मग वरून बोट खाली ओढून दाखवलं, टॉर्च फोनमध्ये मुळातच होता. त्या दुपारी आम्ही दोघींनी माझ्या फोनमधल्या एकेका ॲपच्या परवानग्या तपासल्या. नकाशाला ठिकाण कळू दे, पण ‘फक्त वापरत असताना’. हिशेबाच्या ॲपला माईक? बंद. पत्त्यांच्या खेळाला कॅमेरा? बंद. मला तर घरात पाहुणे घुसून बसलेत आणि एकेकाला दंडाला धरून बाहेर काढतोय असंच वाटत होतं. तेव्हापासून माझी बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते, हे मात्र खरं.

नवीन काही फोनमध्ये घेतलं की त्यांचा एकच नियम. “आधी त्याला आपल्याला माहीत असलेलं विचारायचं.” नकाशाला त्यांनी पहिला रस्ता विचारला तो सटाण्याचा, त्यांच्या माहेरचा. आयुष्यभर त्या रस्त्याने गेलेल्या बाई, कानाशी फोन धरून एकेक वळण ऐकत बसल्या. शेवटी म्हणाल्या, “देवळ्यावरून नेतोय. ठीक आहे. ठेवू.” झाडं ओळखणारं एक ॲप होतं. त्याला त्यांनी गच्चीवरच्या कुंडीतलं अडुळशाचं पान दाखवलं. त्याने भलतंच काही सांगितलं. “ज्याला अडुळसा कळत नाही त्याचं माझ्याकडे काय काम?” गेलं तेही.

बोलून लिहिण्याची सोय तेवढी त्यांना पसंत पडली. की-बोर्डवर माईकचं चित्र असतं ना, ते दाबायचं, भाषा मराठी ठेवायची आणि एकेक वाक्य तोडून, सावकाश बोलायचं. सटाण्याच्या बहिणीला त्या असेच लांबलचक मेसेज करायच्या. पण पाठवण्याआधी मला वाचायला लावायच्या. “त्याने पदरचं काही घातलं नाही ना, बघ.”

मला वाटायचं, हा त्यांचा संशयी स्वभावच. मला वाचायला का लावतात, हे फार उशिरा कळलं.

त्यांचे डोळे जात होते. कडेचं दिसायचं, समोर मधोमध डाग. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. मुलगा पुण्याहून आला. गुणी मुलगा, आवाज चढवून बोलत नाही. म्हणाला, “आई, बीपीची आणि शुगरची गोळी इकडची तिकडे झाली तर? तुला पाकिटावरचं वाचता येत असेल तर राहा इथे. नसेल तर माझ्याकडे चल.” आणि त्याने त्यांच्या फोनमध्ये एक वाचून दाखवणारं ॲप घालून दिलं. कॅमेरा पाकिटावर धरायचा, लिहिलेलं असेल ते फोन मोठ्याने वाचतो. दर रविवारी तो मला फोन करायचा. “मावशी, वाचते ना आई त्याच्याने?”

“वाचतात की,” मी म्हणायचे. मी स्वतः बघितलं होतं. सकाळी मी वर गेले की त्या गोळ्यांचा डबा उघडायच्या, फोन पाकिटावर धरायच्या, मग ‘आवाज बारीक ठेवलाय’ म्हणत कानाला लावायच्या आणि सांगायच्या, “ही बीपीची. ही शुगरची.” कधी चूक नाही.

पण संशय घ्यायला मला त्यांनीच शिकवलं होतं ना. एके दिवशी मी त्यांच्या मागे उभी होते. फोन कानाला लावला होता, पण त्याचा पडदा काळा होता, ॲप उघडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मागे उभी राहिले. तेव्हाही काळाच. मग डब्याकडे नीट बघितलं. एका पाकिटाच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवला होता, त्याला एक गाठ. दुसऱ्याला दोन गाठी. मेडिकलवाल्याकडून नवीन पाकीट आलं की त्यालाच विचारून गाठ मारायची आणि मग बोटांनी ओळखायचं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मुलाला सांगितलं तर बाई घरातून जाणार. नाही सांगितलं आणि गाठ चुकली तर? चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग मी त्यांच्याशी तेच केलं जे त्या सगळ्या ॲपशी करायच्या. माझं कॅल्शियमचं पाकीट घेतलं, त्याला दोरा ओवला, एक गाठ मारली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या तेव्हा डब्यात ठेवून त्यांचं पाकीट काढून घेतलं.

त्यांनी फोन धरला, कानाला लावला. “ही बीपीची,” म्हणाल्या आणि गोळी सोलायला लागल्या.

मी हात धरला. “सिस्टर, ही माझी कॅल्शियमची आहे. गाठ मी मारली.”

त्या गाठीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “हुबेहूब मारलीस.” आणि त्यांचा आवाज बदलला. रागावल्या की त्यांच्या बोलण्यात माहेरची अहिराणी यायची. “हाई काय शे? माझी परीक्षा घेतेस?”

“एवढं चांगलं ॲप आहे, ते का नाही वापरत तुम्ही?”

“वॉर्डात आम्ही दोघी असायचो,” त्या म्हणाल्या. “एकीने औषधावरचं नाव वाचायचं, दुसरीने परत वाचायचं, मगच सुई. एकटीने वाचलेलं औषध मी कधी कुणाला दिलं नाही. आता हा फोन वाचणार. त्याच्यावर परत वाचायला कोण आहे? मला दिसत नाही.”

“आणि तुमच्या बोटांवर परत कोण वाचत होतं?”

मी त्यांचं खरं पाकीट परत डब्यात ठेवलं. आणि बोलू नये ते बोलून गेले. “मुलाला तुम्ही सांगा. नाही तर मी सांगते.”

दोन दिवस वरचं दार माझ्यासाठी उघडलं नाही. मी पायऱ्यांवर बसून यायचे, आतून रेडिओ ऐकू यायचा. तिसऱ्या सकाळी कठड्याला धरून त्या स्वतः खाली आल्या. माझ्यासमोर बसून फोनला म्हणाल्या, “मुलाला लाव.” स्पीकर चालू केला.

“अरे, मी वाचत नव्हते. फसवत होते तुला. शेजारणीने पकडलं.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. रविवारी न्यायला येतो, आई.”

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “ओरडला असता तर मी भांडले असते त्याच्याशी.”

रविवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत आम्ही ते ॲप शिकलो. तुम्हीही ऐकून ठेवा, कुणाच्या घरी लागेल. गोळ्यांचं पाकीट चकाकतं, म्हणून ते गडद नॅपकिनवर ठेवायचं. खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, सावली पडते. फोन वीतभर वर धरायचा आणि हात स्थिर ठेवून थांबायचं, घाई केली की तो अर्धंच वाचतो. मी म्हटलं, “तो वाचेल, त्यावर मी वाचेन. झाल्या दोघी.” म्हणाल्या, “तुझा गुडघा आणि हे तीन मजले. किती दिवस?” पण त्या चारही सकाळी तसंच केलं. एकदा पाकिटाला घडी पडली होती तिथलं अक्षर त्याने गाळलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला. “बघ. मी म्हणत नव्हते?”

रविवारी त्या गेल्या. गाडीत बसताना माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलल्या.

महिनाभराने पहिला मेसेज आला, बोलून लिहिलेला. “सकाळी फोन वाचतो, मग सून वाचते. सून घाईत वाचते. तिच्यावर माझं लक्ष आहे.” मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले.

तुम्हाला सांगितलं ते सगळं लिहून मी त्यांनाच पाठवणार आहे. फोन त्यांना वाचून दाखवेल. तर सिस्टर, ऐका. मी मुलाला सांगते म्हणाले, त्यावर तुम्ही आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. मेसेजमध्ये काढूही नका. फोन तुमचा राग सपाट अक्षरांत लिहून पाठवेल, मला तो तसा नको. मला समोर बसवून बोला. वरच्या घराचे पंखे पुसून ठेवलेत, पण तेवढे मजले चढायचे नसतील तर माझ्याकडेच उतरा. निफाडहून भाचीने द्राक्षांची पेटी आणून ठेवली आहे, फार दिवस टिकायची नाही. मुलाला म्हणावं, एका रविवारी आणून सोड. लवकर या.