दुसऱ्या दिवसाचं रक्त

दोन्ही तळहात समोर धरायचे आणि विचारायचं, "हे सारखे हायेत का नाई?" दवाखान्यात जनावर घेऊन आलेला प्रत्येक जण आमच्या डॉक्टरसाहेबांच्या या प्रश्नात सापडायचा.

"सारखेच त हायेत."

"मंग उजव्या पायातला जोडा डाव्या पायात घालून दाखव बरं."

"घाईत असलो तं घालतो बाप्पा!" एका म्हाताऱ्यानं सांगितलं, तेव्हा साहेब टेबलाला धरून हसले होते.

बाभुळगावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी इंटर्नशिपला होते. इंग्रजी शाळेत शिकलेली. वऱ्हाडी कळायची, बोलायला लाजायचे. साहेबांनी त्यावरून कधी टोकलं नाही. "डॉक्टरीनबाई, तुमचं आयकणं चांगलं हाय," एवढंच म्हणायचे.

त्या तळहातांमागे त्यांचं एक वेड होतं. जंताचं औषध पाजलं की गाईच्या यकृतात त्यापासून जे तयार होतं, त्याची दोन रूपं असतात. एक जणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. पण रक्तातून एक लवकर निघून जातं, दुसरं रेंगाळतं. आपल्या गावठी गाईंत हे कसं घडतं, ते त्यांना निवृत्तीआधी लिहून काढायचं होतं. त्यासाठी औषध पाजल्यावर त्याच गाईचं रक्त दुसऱ्या दिवशीही लागायचं.

आणि दुसऱ्या दिवशी गाय जागेवर नसायची. कापूस बुडाल्याची ती वर्षं तुम्हालाही आठवत असतील; चाऱ्यापायी, कर्जापायी लोक जनावरं विकत होते. रिकामं दावं दिसलं की साहेब नमुन्याबद्दल काही बोलत नसत. "कोणाकडं गेली? चांगला हाय ना माणूस?" एवढं विचारून परत फिरायचे.

शेवटची गाय एका काकूंची होती. तिचं दुसऱ्या दिवसाचं रक्त मिळालं की काम पुरं होणार होतं. पण आम्ही पोचलो तेव्हा काकू दावं धरून बाजाराला निघाल्या होत्या, आणि नमुन्याची वेळ व्हायला अजून तासभर होता.

"आज नाई इकली तं चारा कुठून आणू, साहेब?"

"चला, मीबी येतो," म्हणून साहेब रक्ताच्या नळीसाठी आणलेला बर्फाचा थर्मास घेऊन गाईमागे चालू लागले. त्यांच्यामागे मी.

बाजारात भाव जुळत आला होता. साहेबांनी सुई काढली, तसा गिऱ्हाइकानं हात आखडला.

"रगत काहून काढून राह्यले? बिमार हाय का?"

काकूंचा चेहरा उतरला. साहेबांनी सुईला टोपण लावून ती खिशात टाकली.

"ठणठणीत हाय. काल जंताचं औषध पाजलं, पाहाले आलतो."

"मंग सुई कायले?"

"हाताले सवय हाय. तुमचं काढू का?"

लोक हसले. सौदा झाला. टेम्पोत गाय चढत होती, तेव्हा मी पहिल्यांदाच घाईनं वऱ्हाडीत बोलले, "साहेब, आता तं घ्या ना!"

"आता घेतलं तं तो सौदा मोडन, बाई."

मग आम्ही तिघं टपरीवर बसलो. थर्मासमधला बर्फ त्यांनी काकूंच्या पाण्याच्या ग्लासात टाकला.

"माह्यामुळं तुमचं काम नाई ना अडलं?" काकूंनी विचारलं.

"नाई वयनी. झालं थे."

त्या उन्हाळ्यात साहेब निवृत्त झाले, नेरला राहायला गेले, आणि नंतर एका पावसाळ्यात गेलेच. लिहायचं होतं ते लिहिलं नाही. आता मी प्रयोगशाळेत तेच काम करते. आमच्या गाई संस्थेच्या गोठ्यातल्या. त्यांना कुणी बाजारात नेत नाही. दुसऱ्या दिवसाचे नमुने अगदी वेळेवर येतात. नळ्या अजून गार असतात. तेव्हा साहेब हवे होते असं वाटतं. काही बोलायला नाही. नुसते शेजारी उभे.