सात ते नऊ लाईन बंद

मी रिटायर झालो तेव्हा पॉवर हाऊसमधून घरी आणलेल्या पिशवीत एक टॉर्च होता, जेवणाचा डबा होता आणि ऑफिसनं दिलेली शाल होती. बायकोनं पिशवी रिकामी करून विचारलं, "इतक्या वर्षांची नोकरी, आन् एवढंच?" बाकीचे सगळे किस्से होते, ते पिशवीत कसे दिसणार? ते माणसाच्या तोंडात राहतात आणि चार लोक चहाला बसले की कोणी न विचारता बाहेर पडतात.

परवा पेपरात आलं, वीज वाचवायला शहरांत पुन्हा ठरावीक वेळी लाईन बंद ठेवायचा विचार चालू आहे म्हणे. बसस्टँडच्या हॉटेलात आमच्या मंडळींनी लगेच माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात, आणि जळगाव जामोदची लाईन संध्याकाळी सातला बंद करून नऊला सोडणारा ऑपरेटर बरीच वर्षं मी होतो. आदेश वरून यायचा, वेळापत्रक वरून यायचं. स्विचवरचा हात तेवढा माझा.

"सांगा न भाऊ," कोणीतरी म्हणालं. मग काय, सुरू झालो.

*

माझं आडनाव तायडे. पण शाळेतली पोरं मला अंधारेकाका म्हणायची. पोरांचं पाहून त्यांच्या आया म्हणायला लागल्या, मग बाजारातले लोकही. एकदा एका लग्नाची पत्रिका पोस्टानं आली. वर झोकात छापलेलं, "श्री. अंधारे साहेब, सहकुटुंब."

मी चिडलो. म्हटलं, ज्यांना आपलं नाव माहीत नाही त्यांच्या लग्नाला जायचं नाही.

बायको म्हणाली, "खरं नाव टाकलं असतं त पोस्टमनले घर सापडलं नसतं. चला गुपचूप."

गेलो. जेवणाच्या पंगतीत सातला लाईन गेली. ड्युटीवर दुसराच होता, तरी सगळी पंगत माझ्याकडे पाहत होती.

*

आमच्याकडे पुण्याचे एक तरुण इंजिनियर बदलून आले. माणूस सज्जन, पण वऱ्हाडी कानावरून गेलेली नव्हती. एका दुपारी, भारनियमनाची वेळ नसताना लाईन गेली. फोन वाजला, साहेबांनी स्वतः उचलला.

पलीकडून आवाज आला, "साहेब, लाईन काऊन गेली?"

काऊन म्हणजे का, कशामुळे. साहेबांनी फोन ठेवला आणि आमच्या लाईनमनला, सलीमभाईला, गंभीरपणे सांगितलं, "कावळ्यानं गेली आहे. जरा बघून या."

सलीमभाईनं माझ्याकडे पाहिलं. साहेब नवीन, त्यांना पहिल्याच आठवड्यात कोणी शिकवायचं? तो बिचारा भर उन्हात मोटरसायकलवर पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत लाईन पाहून आला. तुटलेली तार सापडली, ती जोडली, पण कावळा काही सापडला नाही.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. "साहेब, अजून काऊन नाही आली?"

"अहो, कावळा सापडत नव्हता," साहेब म्हणाले.

पलीकडच्या माणसानं आवाज मऊ केला. मग म्हणाला, "साहेब, तब्येत बरी आहे न तुमची?"

पुढे साहेब आमच्यात इतके मिसळले की ठेचा-भाकरीचा डबा ते आमच्याआधी उघडायचे. मग एक दिवस त्यांच्या बदलीचा कागद आला. साहेब तो हातात धरून कंट्रोल रूमच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "तायडे, मले इथून काऊन हलवून राह्यले?"



*

पॉवर हाऊसच्या रस्त्याला गजाननची पिठाची गिरणी होती. तिथे कौसाबाई आणि इंदूबाई या दोन जावा दळण आणायच्या. घराची वाटणी झाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकीचं दार पूर्वेला, तर दुसरीनं मुद्दाम पश्चिमेला काढलेलं.

एका संध्याकाळी थोरलीची, म्हणजे कौसाबाईची, ज्वारी निम्मी दळून झाली आणि लाईन गेली. निम्मी ज्वारी गिरणीत अडकलेली, सोडून कशी जाणार? धाकटीचा नंबर तिच्या मागे. दोघी अंधारात नऊपर्यंत पाठीला पाठ करून बसून राहिल्या. लाईन आली, आणि गजानननं घाईघाईत धाकटीचा डबा थोरलीच्याच ज्वारीवर ओतला. लक्षात आलं तेव्हा दोघींचं पीठ एक झालेलं.

मी ड्युटी संपवून सायकलवर निघालो होतो. गजानननं मला रस्त्यात अडवलं. "भाऊ, लाईन तुमी नेली. आता न्याय बी तुमीच करा."

मी आत गेलो. थोरली डब्यावर हात ठेवून उभी, धाकटी भिंतीकडे पाहत. म्हटलं, "निम्मं निम्मं घ्या, दुसरं काय?" दोघींनी मान हलवली. गजानननं मापानं पीठ वाटलं. कमी-जास्त कोणी पाहिलं नाही. इतकी मुकाट्यानं झालेली वाटणी मी आमच्या तालुक्यात दुसरी पाहिली नाही. जाताना धाकटी थोरलीच्या पायाजवळ टॉर्चचा उजेड धरून चालत होती. बोलणं मात्र नाहीच.

पुढच्या आठवड्यात थोरली दळण घेऊन आली आणि तिनं गजाननला विचारलं, "आता लाईन कवा जाते रे?"

गजानन खुशीनं म्हणाला, "काकू, संध्याकाळचं बंद झालं आता. भारनियमनच उठलं. तुमी कवा बी या, तुमचं पीठ कोणाच्या पिठात नाही जायाचं."

"असं व्हय," म्हणून तिनं डबा खाली ठेवला आणि नंबर लागेपर्यंत दाराकडे पाहत बसली.

*

कंट्रोल रूमच्या फोनवर लोक शिव्याच द्यायचे. फक्त एक फोन वेगळा होता. सातला लाईन गेली रे गेली की पार्वतामावशीचा फोन यायचा. बाजारगल्लीत एकटी राहायची, मुलगा सुरतला कामाला.

"बापा, लाईन कवा येईन?"

"नऊ वाजता, मावशी."

"हाव का. जेवला का तू?"

"नाही, ड्युटी झाल्यावर."

"उपाशी नको राहू. काय भाजी आहे डब्यात?"

पहिल्या दिवसापासून लाईन नऊलाच यायची, आणि ते तिला माझ्याइतकंच पाठ होतं. तरी रोज विचारायची. मीही रोज नवीन सांगितल्यासारखं सांगायचो. मग ती मुलाचं सांगायची, गुडघ्याचं सांगायची, समोरच्यांच्या शेळीनं काय खाल्लं ते सांगायची. मागे दुसरे लोक फोन लावून एंगेज लागला म्हणून तणतणत असायचे.

मग भारनियमन उठलं. गावात फटाके फुटले. सातला दिवे तसेच राहिले आणि फोन वाजला नाही. काही दिवसांनी मात्र एका संध्याकाळी वाजला.

"बापा, लाईन आहे न?"

"आहे, मावशी."

"गेली त नाही कुठी?"

"नाही गेली."

"आता नाहीच जात का?"

"नाही."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. तरी तिनं फोन लगेच ठेवला नाही. मला डब्यातली भाजी सांगायला हवी होती. तेव्हा ते सुचलं नाही, आणि त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही.

*

एकदा वंदना नावाची मुलगी सायकलवरून थेट पॉवर हाऊसवर आली. झेरॉक्सच्या दुकानात काम करायची, म्हणून आम्ही तिला ओळखत होतो. सायकल फाटकाला लावून ती म्हणाली, "काका, उद्या सातले लाईन नका नेऊ."

"काऊन वं?"

"जानेफळहून मले पाह्याले येऊन राह्यले. एसटीनं येतीन, म्हंजे सातच वाजतीन."

सलीमभाई तिथेच बसला होता. तो हसला. "अवो बाई, कंदिलात माणूस चांगलंच दिसते. त्याहीले तू पसंत पडशीन."

"मी पडीनच," ती म्हणाली. "पण मले बी त्याले पाह्यचं आहे. उजेडात पाह्यल्याबिगर माणूस साडी नाही घेत, चाचा."

तिला मी खरं तेच सांगितलं, की वेळ वरून ठरते, माझ्या हातात नाही. तिनं जास्त आग्रह केला नाही. "बरं," म्हणून सायकल वळवली. दुसऱ्या दिवशी सातला मी स्विच फिरवला तेव्हा गावातल्या शेकडो घरांपैकी मला एकच घर डोळ्यांपुढे दिसत होतं.

लग्न जमलं, झालं. पंगतीत मी वाढायलाही होतो.

पुढे बऱ्याच दिवसांनी ती मला बसस्टँडवर दिसली. एकटीच, मोठी बॅग घेऊन. चेहरा वाळलेला. आता इथेच राहणार, झेरॉक्सवाल्याला विचारते, एवढं बोलली.

मग म्हणाली, "काका, सातले लाईन जाते का अजून?"

"नाही. बंद झालं ते."

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पोरी पाहून त घेतीन."

मी तिची बॅग उचलायला वाकलो. तिनं उचलू दिली नाही.

*

आता सलीमभाईचं सांगतो. हे मी सहसा सांगत नाही.

भारनियमनाचे दोन तास म्हणजे लाईनमनचे दुरुस्तीचे तास. त्या संध्याकाळी लाईन बंद झाल्यावर सलीमभाई कापडबाजाराच्या गल्लीत शेवटच्या पोलवर चढला. तार धरली आणि त्याला जबर शॉक बसला. तो वरून खाली पडला. जीव वाचला, पण उजवा हात कामातून गेला. त्याला खामगावच्या दवाखान्यात नेलं.

लाईन बंद असताना शॉक कसा बसला? गावानं एका रात्रीत उत्तर काढलं. तायडेनं लाईन लवकर सोडली. माझ्या हातून तसं झालं नव्हतं. ऑफिसनं तपासलं, माझ्याकडे बोट दाखवावं असं त्यांना काही आढळलं नाही. पण ऑफिसची तपासणी गाव मानत नाही. दुकानात गेलो की बोलणं थांबायचं.

शुद्धीवर आल्यावर सलीमभाईनं मला एकट्याला बोलावलं. म्हणाला, "तायडे, तू नाही सोडली लाईन. मले माहीत आहे. तार धरायच्या जरासं आधी मीनं जनरेटर सुरू झालेलं ऐकलं. गोपालच्या दुकानातलं."

मी हादरलो. दुकानाचं जनरेटर चालू करण्याआधी बाहेरच्या लाईनशी असलेला संबंध तोडायचा असतो. तो तोडला नाही तर जनरेटरची वीज उलटी फिरून पोलवरच्या तारेत शिरते. त्या पोलसमोरच्या कापडदुकानाचा मालक गोपालसेठ, त्याला हे माहीत नव्हतं. गोपालसेठ आणि सलीमभाई पहिलीपासून एका बाकावर बसलेले. ईदला सेठ त्याच्या घरी, दिवाळीला हा सेठच्या.

"मग ऑफिसात सांगू न?" मी विचारलं.

"नको. अंधार पडला का जनरेटर तो सोताच सुरू करते. त्याले समजलं त तो जगन का?"

"आन् मी?"

सलीमभाईनं डोळे मिटून घेतले. म्हणाला, "तू तगडा आहे."

दुसऱ्या दिवशी मी काहीतरी कारण काढून सेठच्या दुकानातली वायरिंग नीट करून घेतली, पुन्हा कोणाला शॉक बसू नये म्हणून. कारण विचारलं तर म्हटलं, सगळ्याच दुकानांची करून राह्यलो. आणि मग खरंच सगळ्यांची केली.

गोपालसेठ दुकान मुलावर टाकून रोज खामगावला जायचा. सलीमभाईला हातानं खाता येत नव्हतं, म्हणून हा शेजारी बसून संत्री सोलायचा, बिया काढायचा आणि एक एक फोड त्याच्या तोंडात घालायचा. एका रविवारी मी गेलो तेव्हा तेच चालू होतं. मी स्टूल ओढून बसलो.

सेठनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "तायडेभाऊ, त्या दिवशी ड्युटीवर कोण होतं?"

मी सलीमभाईकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

"मीच होतो, सेठ," मी म्हणालो.

सेठचा हात थांबला. मग त्यानं हातातल्या फोडीच्या बिया काढल्या, ती नीट साफ केली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या," तो म्हणाला. "चूक माणसाच्याच हातून होते. मी मनात नाही ठेवत."

मी ती घेतली आणि खाल्ली.