आखाजीच्या आधीचा ताप

हे मी कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, भावापाशी नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी शिताफीने टाळते — देवाला काय, तो काही उलटून विचारत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. दोनदा चहा करून प्यायले, तरी हात चालत नाही.

आधी मी कोण ते सांगते, कारण खरं पाणी तिथेच मुरतंय. मी जळगावात एका मेडिकलवर काम करते. सतरा वर्षं झाली. नवऱ्याशी पटलं नाही, मूलबाळ नाही, एक खोली भाड्याने घेऊन राहते आणि सुटी मिळाली की स्कूटी काढून सावद्याला माहेरी जाते. तिथे आई, धाकटा भाऊ संजू, त्याची बायको लता आणि त्यांची मुलगी मनू. संजूची केळीची शेती. घरात मला सगळे अक्का म्हणतात आणि गल्लीत डॉक्टरीणबाई. चेष्टेनेच म्हणतात, पण पोराला जुलाब लागले की आधी मला फोन येतो. गोळ्यांची नावं पाठ असली की माणूस शहाणा झाला असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. त्यातून मी तोंडाची फटकळ. मास्क हनुवटीला लावून आलेल्या गिऱ्हाइकाला मी चारचौघांत झापलेलं आहे, तेही एकदा नाही.

ती दुसरी लाट होती. दुकानासमोर रांग, आत आम्ही तिघं, आणि रोज ऐकायला येणारी नावं. एका दुपारी माझं अंग कणकणलं. तपासणी करून आले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर निरोप आला — पॉझिटिव्ह.

मी काय करायला हवं होतं हे मला माहीत नव्हतं का? मीच तर दिवसभर लोकांना सांगत होते. वेगळी खोली, वेगळं ताट, चौदा दिवस. माझी तर अख्खी खोलीच वेगळी होती. पण त्या संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या एकच विचार डोक्यात आला — इथे मेले तर कळणार कुणाला? घरमालक वास आल्यावर दार फोडेल. हसू नका, खरंच असाच विचार आला. मी मोबाईल बंद केला, सकाळी दोन गोळ्या घेतल्या, दुकानाचा पास गाडीला लावला आणि भुसावळमार्गे थेट सावद्याला पोचले. मालकाने आठ दिवस सुटी दिली, असं घरी सांगितलं.

सांगायचं होतं मला. अगदी उंबऱ्यातच सांगायचं होतं. पण अंगणात संजू फोनवर होता. केळी कापणीला आली होती, आणि ज्या घरात कोरोना निघाला त्या घरच्या मळ्यात कापणारी टोळी पाय ठेवत नव्हती. शेजारच्या गल्लीत एकाची केळी झाडावरच पिकून गेली होती. मी म्हटलं, जाऊ दे, टोळी येऊन जाऊ दे, मग सांगू. हे कारण मी पुढे पुष्कळ दिवस जपून वापरलं.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते त्यातली पहिली गोष्ट. मी घरात मास्क लावला नाही. लावला असता तर आईने विचारलं असतं ना, घरात कशाला गं तोंड बांधते? सात वर्षांची मनू, आत्या आली म्हणून उड्या मारत माझ्या अंथरुणात आली, माझ्या गळ्यात हात टाकून झोपली. आणि मी तिला बाजूला केलं नाही. उलट — बरं वाटलं मला. किती दिवसांनी कुणी जवळ आलं होतं. तिच्या केसांना खोबरेल तेल होतं. मी तोंड दुसरीकडे करून झोपले, तेवढीच काय ती माझी खबरदारी.

पाचव्या दिवशी मनूला ताप आला. दीड दिवस, किंचित खोकला. ऊन लागलं, असं आई म्हणाली, कांदा किसून तळपायाला चोळला. सावद्याचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल, तिथे उन्हाळ्यात काहीही झालं की ऊनच लागलेलं असतं. ताप उतरला, पोरगी खेळायला लागली. संजूही दोन दिवस खोकला, आईला काहीच झालं नाही. टोळी आली, केळी कापून गेली. मी बरी होऊन जळगावला परतले. सुटलो, असं मनाशी म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खान्देशात त्या सणाला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्याकडे दिवाळीपेक्षा बायकांचा जीव आखाजीत जास्त. त्या वर्षी कसले झोके आणि कसली गाणी, पण लताचा भाऊ मोटारसायकल घेऊन न्यायला आला. तिचं माहेर फैजपूरच्या पलीकडे, जवळच. आई नको नको म्हणत होती, तरी लता मनूला घेऊन एक रात्र राहून आली. एकच रात्र.

त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी मी रविवारची सावद्याला गेले, तर दाराला निंबाचा पाला. घरात फोडणी बंद. मनूला गोवर आला होता, म्हणजे आईने तसं ठरवलं होतं. आमच्याकडे गोवर आला म्हणजे देवी घरात आली. तिला तेलाचा वास चालत नाही, सुई चालत नाही. पोराला अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, पाल्याने वारा घालायचा, ती आपल्या पावलांनी जाईल तोवर वाट बघायची. तिसरा दिवस होता. मी आत जाऊन बसले.

अंगावर लाल पुरळ होतं, खरं. पण डोळे — डोळे लालभडक, आणि त्यात घाण नाही, पाणी नाही. ओठ फुटलेले, जीभ लालजर्द. सर्दी नाही. पोट दुखतं म्हणून गुडघे छातीशी घेऊन पडलेली. आमच्या मेडिकलच्या वरच लहान मुलांचा दवाखाना आहे. तिथला कंपाउंडर आठच दिवसांपूर्वी काउंटरला टेकून मला सांगत होता की अशी मुलं यायला लागलीत. कोरोना साधा होऊन जातो, कुणाला कळतही नाही, आणि मग महिन्याभराने मुलाचं अंगच मुलावर उलटतं. डोळे लाल, पुरळ, पोटदुखी, ताप उतरत नाही. लवकर आणलं तर ठीक, नाहीतर हृदय धरतं.

म्हणजे मला कळलं. शंका आली असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत बसल्या बसल्या मला कळलं.

लता माझ्या मागे येऊन उभी राहिली. बारावी झालेली पोरगी, सासूपुढे सहसा बोलत नाही. हळूच म्हणाली, "अक्का, मले हे गोवर वाटत नही. लस दिलेली हाये तिले. भुसावळले नेऊ का?"

बाहेरून आईचा आवाज, "सुई लावू नका तिले, सांगून ठेवते."

दोघी माझ्या शब्दाची वाट बघत होत्या. डॉक्टरीणबाई काय म्हणते?

मी म्हणाले, "गोवरच आहे. लस दिली तरी येतो कधीकधी. दोन दिवसांत उतरेल."

हे मी का म्हणाले? केळी तर केव्हाच कापून गेली होती. टोळीचं निमित्त उरलं नव्हतं. कारण एवढंच की भुसावळला नेलं असतं तर डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला असता, घरात कुणाला कोरोना झाला होता? आणि मग सगळं बाहेर आलं असतं. अक्का आजार घेऊन आली. अक्का पोरीला कुशीत घेऊन झोपली. लोकांना मास्कवरून झापणारी अक्का. पोरगी समोर तळमळत होती आणि मला माझ्या नावाची पडली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला तर सगळं गाव माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं, आणि बघत होती फक्त लता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी दुपारी जेवले आणि जळगावला परत आले.

दोन दिवसांनी मनूचे हातपाय गार पडले. हाक मारली तर डोळे उघडेना. मग कसली देवी आणि कसला पाला. भुसावळ, तिथून रुग्णवाहिकेने जळगाव. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. तरुण डॉक्टर होते, त्यांनी विचारलंच — गेल्या दीड-दोन महिन्यांत घरात कुणाला? संजू नाही म्हणाला. लता नाही म्हणाली. ते माझ्याकडे वळले. मीही नाही म्हणाले.

एक दिवस डेंग्यू आणि टायफॉइड शोधण्यात गेला. मग रक्तातून कळलं की पोरीला कोरोना होऊन गेलाय. डॉक्टर म्हणाले, हृदयाला सूज आहे, थोडं आधी आणायला हवं होतं. जी इंजेक्शनं लागणार होती ती जळगावात मिळत नव्हती. मी सतरा फोन केले, ओळखी लावल्या, नाशिकहून मागवून घेतली. दोन रात्री झोपले नाही. मनू वाचली. आणि घरी काय बोललं गेलं माहीत आहे? अक्का होती म्हणून पोरगी हाताला लागली. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी मोडू दिली.

पण पोरीला कोरोना झाला कुठून? संजूने विचारलं, आईने विचारलं, आणि उत्तर तयारच होतं. आखाजी. लता माहेरी गेली होती, नको म्हणत असताना गेली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. कुणी दिवस मोजले नाहीत. मोजले असते तर मनूचा तो दीड दिवसाचा ताप आखाजीच्या आधीचा आहे हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी मोजले होते. उन्हाचा ताप ना तो, म्हणून मी तो कधी बोलण्यात येऊ दिला नाही. एवढंच काय, उशीर का केला म्हणून संजू लतावर ओरडला, तेव्हा ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का म्हणल्या होत्या." संजू म्हणाला, अक्काने वरवर पाहिलं, तू आई आहेस ना? मी तिथेच होते.

त्या दिवसापासून लता माहेरी गेलेली नाही. आईने बंद केलं, आणि खरं सांगायचं तर तिने स्वतःच बंद केलं. दर आखाजीला तिचा भाऊ न्यायला येतो, ओसरीवर बसतो, चहा पितो, एकटा परत जातो. तिची आई थकलीये, तिला आता फोनवर नीट ऐकूही येत नाही. लता मोठ्याने बोलते आणि मध्येच फोन ठेवून देते.

मनू आता सहावीत आहे. हृदयाच्या एका नळीला फुगवटा राहिला आहे. रोज रक्त पातळ राहण्याची गोळी, सहा महिन्यांनी तपासणी, धावायचं नाही. गोळ्या मीच नेऊन देते. गेल्या महिन्यात नेल्या, त्या दिवशी शाळेत खो-खोचा संघ निवडला होता आणि सरांनी मनूला बाकावर बसवलं होतं. आम्ही जेवायला बसलो. पोरगी ताटाला हात लावेना. लता समजावायला गेली तर मनू म्हणाली, "तुझ्यामुळेच झालं मला हे. तूच नेलं होतं मामाकडे."

मी लगेच रागावले तिला. आईशी असं बोलतात का, म्हणाले. माझं तोंड बघा कसं चालतं.

लताने पोळी तव्यावर उलटली. "बोलू द्या अक्का," म्हणाली. "खरंच बोलतेय पोरगी."

मी तिथे बसून दोन पोळ्या खाल्ल्या. तिसरी तिने आग्रह करून वाढली, तीही खाल्ली.

मनूला कोरोना मी दिला. गोवर नाही हे मला ठाऊक होतं. हे आता तुम्हाला माहीत झालं. लताला मी अजून सांगितलेलं नाही.